शेपटाची उंची, वाऱ्याची उचल: मुंबईच्या विमानतळांवरील लोखंडी बांधणीची पार्श्वभूमी

हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड. ती केवढी बांधायची हे विमान ठरवतं. रुंदी पंखांवरून, उंची शेपटावरून. १९२८ साली जुहूला देशातला पहिला नागरी विमानतळ सुरू झाला तेव्हा हा हिशोब सोपा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथे उतरले, ते पस मॉथ विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ११.२ मीटर होतं आणि त्याचे पंख मागे दुमडता येत. असं विमान गोदामाच्या शेडमध्येही मावतं: अँगलचे (काटकोनी लोखंडी पट्ट्यांचे) ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या तुळया, रिव्हेटचे सांधे, वर पन्हळी पत्रे. जुहूची खरी अडचण छपराची नव्हतीच. पावसाळ्यात मैदानात पाणी साचे आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागे.

सांताक्रूझला मोठी विमानं आली तसा हिशोब बिघडला. डकोटा विमानाचे पंख २९ मीटरचे. १९६० साली एअर इंडियाकडे आलेलं बोइंग ७०७ सुमारे ४३.४ मीटर रुंद, शेपूट जवळपास १३ मीटर उंच. १९७१ मध्ये जंबो आलं, म्हणजे बोइंग ७४७: पंख ५९.६ मीटर, शेपूट १९ मीटरच्या वर. चाळीस वर्षांत रुंदी पाचपटीहून जास्त वाढली. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट झाला की तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो, आणि हँगरच्या तोंडाशी तर मध्ये एकही खांब चालत नाही. त्यामुळे दरवाजावरचा समोरचा ट्रस हा हँगरचा सर्वांत अवघड अवयव ठरला.

दरवाजा या ट्रसला टांगत नाहीत. पल्ले खाली रुळावर चाकांनी चालतात, वर फक्त गाइड, म्हणजे पल्ल्याला कलू न देणारी खाच असते. गडबड इथेच होते. ७० मीटरच्या ट्रसचा मध्य भाराप्रमाणे दीडशे-दोनशे मिलिमीटर खाली-वर होईल हे धरून चालावं लागतं. गाइडमध्ये तेवढी उभी मोकळीक ठेवली नाही, तर छपराचं काम पूर्ण होताच ट्रस खाली बसून पल्ल्यांवर टेकतो आणि दरवाजा जाम होतो. मोकळीक आहे पण गाइडची खोली कमी, तर वादळात ट्रस वर उचलला गेल्यावर पल्ला गाइडमधून सुटतो. ट्रसला आधीच वरच्या दिशेने बाक देऊन ठेवतात, पण तो फक्त कायमच्या वजनापुरता उपयोगी.

वर उचलला जाणं हा प्रकार नवख्याला पटत नाही, म्हणून आकडेच मांडतो. भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणलं की दर चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन दाब येतो, म्हणजे ११८ किलो वजनाइतका. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), ट्रस धरून छपराचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो. दरवाजा उघडा असताना वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, वरून ओढ असतेच. दोन्हींची बेरीज छपराच्या वजनाच्या दुप्पट सहज होते. मग एरवी ताणात असणारी ट्रसची खालची कॉर्ड, म्हणजे खालची लांब दांडी, दाबात येते आणि बाजूला लचकते. जुन्या शेडमध्ये खालच्या कॉर्डला बाजूने धरून ठेवणारं आडवं ब्रेसिंग अगदी कमी दिसतं, कारण बांधणाऱ्याने फक्त वरून येणारं वजन मोजलेलं असतं. हँगरमध्ये ती चूक महागात पडते. पायाचंही तसंच: तिथे खांबाला खाली धरून ठेवणारे अँकर बोल्ट आणि काँक्रीटचं वजन जास्त कामाचं.

साधनंही बदलत गेली, पण हळूहळू. रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं, नंतर घर्षणावर चालणारे हाय टेन्साइल बोल्ट. पोलादी बांधकामाचं मानक आयएस ८०० पहिल्यांदा १९५६ साली निघालं. पुढे १९६२, १९८४ आणि २००७ मध्ये सुधारलं. १९९२ पर्यंत पोलादाच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. त्या काळात डिझाइन आधी आणि माल नंतर असं नव्हतं. लोखंडाचा जो सेक्शन (आकार-माप) मिळेल तो धरून डिझाइन व्हायचं. रोल केलेला बीम ६०० मिलिमीटर खोलीपर्यंत मिळायचा, पुढे प्लेटा जोडून गर्डर बनवायचा. आजही जुन्या शेडमध्ये चार अँगल जाळीने बांधून केलेले खांब दिसतात, ते काही हौसेने केलेले नाहीत.

बोल्टांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. घर्षणाच्या सांध्यात बोल्ट प्लेटांना इतकं घट्ट आवळतो की त्या एकमेकींवर सरकत नाहीत. ग्रिट ब्लास्ट केलेल्या, म्हणजे धारदार कणांच्या माऱ्याने साफ केलेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक ०.५च्या आसपास, रेड लेड हा गंजरोधक रंग लावलेल्याचा ०.१. म्हणजे रंगाऱ्याने गंज नको म्हणून सांध्याच्या आतल्या बाजूलाही मनापासून हात मारला, तर सांध्याची चार पंचमांश पकड गेली. तो भाग टेप लावून झाकायचा असतो. टेप निघून पडते, आणि कुणी बघत नाही.

सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ साली सुरू झालं. त्याच जागी, ते चालू ठेवून, नवं टर्मिनल २ उभारायचं होतं. एसओएम या अमेरिकी संस्थेच्या डिझाइननुसार बांधलेली ही इमारत १२ फेब्रुवारी २०१४ पासून वापरात आली. मुख्य दालनावरचं सुमारे ७०,००० चौरस मीटरचं छप्पर अवघ्या ३० खांबांवर उभं आहे. खांबांमधलं अंतर एका दिशेला ६४ मीटर, दुसऱ्या दिशेला ३४. खांबाजवळ वाकवणारा जोर सर्वांत जास्त, म्हणून तिथे ट्रसची खोली वाढवली. ट्रस उभे-आडवे आणि ४५ अंशांत तिरकेही नेले, त्यामुळे वजन चहूबाजूंनी खांबाकडे उतरतं. खालून दिसणारा खांबाचा पसरट माथा हा त्याच रचनेचा आकार. शोभेसाठी चिकटवलेला असता तर त्याबद्दल इथे लिहिलंच नसतं.

एवढ्या छपरात प्रसरणासाठी सांधा ठेवलेला नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. २०० मीटर लांबी आणि २५ अंशांचा फरक धरला तर वाढ ६० मिलिमीटर. ती खांबांनी आणि खालच्या काचभिंतींच्या सरकत्या जोडांनी सोसायची. उभारणीच्या वेळी हे गणित आणखी जाचतं. उन्हात तापलेलं लोखंड पहाटेपेक्षा ३० अंशांनी गरम असतं, म्हणजे ३० मीटरचा ट्रस जवळपास ११ मिलिमीटर लांबतो, आणि २४ मिलिमीटरच्या बोल्टाला भोकात मोकळीक फक्त २ मिलिमीटर. पहाटे जुळलेली भोकं दुपारी जुळत नाहीत. अशा वेळी गॅस कटरने भोक मोठं करण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. शेवटची ओळंबा-पातळी सूर्य उगवण्याआधी तपासून बोल्ट तेव्हाच पूर्ण आवळतात.

चालू विमानतळावर क्रेनचीही उंची मनासारखी ठेवता येत नाही. धावपट्टीच्या कडेने हवेत एक काल्पनिक उतार धरलेला असतो, सात मीटरला एक मीटर चढणारा, आणि तो विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर सपाट होतो. त्याच्या वर काही न्यायचं तर परवानगी लागते. टर्मिनलचं छप्पर स्वतःच ४० मीटरच्या आसपास, आणि माल वर चढवणाऱ्या क्रेनचा बूम, म्हणजे लांब हात, त्याच्याही वर जाणारच. मग कामाच्या वेळा ठरवून घ्यायच्या, टोकाला लाल दिवा ठेवायचा, काम थांबलं की बूम खाली आणायचा.

उरतो पाऊस आणि खारा वारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ७०,००० चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी तुंबलं तर ७०० टन वजन, म्हणून पन्हळीची तोंडं पालापाचोळ्याने बुजणं हे सांगाड्यावरचंच संकट. खाऱ्या हवेसाठी ब्लास्टिंग, जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधला जाड थर, वर पॉलियुरेथेन, असा क्रम असतो. ब्लास्टिंगच्या आधी लोखंड गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढलं नाही तर वर्ष-दोन वर्षांत रंगाला फोड येतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ तर उलव्याची टेकडी कापून आणि खाडीलगतची जमीन भरून उभा राहिला आहे. तिथला वारा खाऱ्या पाण्यावरून येतो, त्यामुळे रंगकामाच्या नोंदवहीत थराच्या जाडीइतकाच मिठाच्या चाचणीचा रकानाही तपासावा.