संयुक्त मुद्रण (छायाचित्रण)

दोन किंवा अधिक निगेटिव्हमधील (छायाप्रकाश उलटा असलेल्या मूळ प्रतिमांमधील) निवडक भाग एकाच कागदावर क्रमाने छापून एकसंध छायाचित्र तयार करण्याची पद्धती. छापलेली चित्रे कापून चिकटवणे किंवा एकाच निगेटिव्हवर दोनदा एक्स्पोजर देणे (प्रकाश पाडून प्रतिमा टिपणे) यांहून ती वेगळी आहे. येथे सगळी जुळणी कागदावर छाप उमटत असताना होते. १८५५ ते १८८० हा साधारणपणे तिच्या भरभराटीचा काळ मानला जातो. एका पट्टिकेवर एकच प्रतिमा देणाऱ्या दागेरोटाइपमध्ये असे काही करणे शक्य नव्हते. इंग्लिश संशोधक टॅल्बटच्या निगेटिव्ह-पॉझिटिव्ह पद्धतीने (१८४१) एका निगेटिव्हवरून कितीही प्रती काढता येऊ लागल्या आणि या तंत्राची वाट मोकळी झाली.

तांत्रिक कारण : इंग्लिश छायाचित्रकार फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची (चिकट रासायनिक द्रवाचा थर देऊन ओली असतानाच वापरायची) काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होती. त्यामुळे झाडी आणि जमीन नीट उमटेल इतके एक्स्पोजर दिले, की निळे आकाश निगेटिव्हवर पूर्ण काळे होई आणि प्रिंटमध्ये कोरे पांढरे उतरे. ढगांसाठी एक्स्पोजर कमी केले, तर जमीन अंधारात जाई. कोलोडियनचा थर असमान ओतला गेला असेल, तर या कोऱ्या आकाशात डाग दिसत. म्हणून अनेक छायाचित्रकार निगेटिव्हवरील आकाशाचा भाग काळ्या रंगाने भरूनच टाकीत. यावर दोन उपाय होते : आकाश कोरे ठेवणे, किंवा ढगांची वेगळी निगेटिव्ह घेऊन ती क्षितिजापाशी जोडणे. संयुक्त मुद्रणाला फसवणुकीचे तंत्र म्हणणाऱ्यांनी ही अडचण पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. कोरे पांढरे आकाशही प्रत्यक्ष दृश्याशी प्रामाणिक नव्हतेच.

कृती : त्या काळचा अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला) कागद उन्हात, निगेटिव्हला चिकटून छापला जाई. त्याला डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) लागत नसे, प्रतिमा प्रकाशातच हळूहळू डोळ्यांसमोर गडद होत जाई. छपाईच्या चौकटीची मागची फळी बिजागरीची असल्याने अर्धी फळी उघडून छाप कितपत आली हे पाहता येई. संयुक्त मुद्रण हाताने साधता आले ते या दोन सोयींमुळे. आकाश जोडायचे असेल, तर प्रथम जमिनीचा भाग छापून घेत आणि तो काळ्या कागदाने झाकून उरलेल्या जागेत ढगांची निगेटिव्ह छापत. क्षितिजावर कडक रेषा उमटू नये म्हणून झाकण किंचित वर धरून सावकाश हलवीत. मानवाकृतींसाठी काम अधिक कष्टाचे होते. प्रत्येक निगेटिव्हवर हवी ती आकृती सोडून बाकीचा भाग काळ्या रंगाने किंवा कागदाने बंद करावा लागे. एक आकृती छापून झाली, की तिच्या आकाराचे झाकण ठेवून शेजारची छापायची. सांधे झाडाचे खोड, खडकाची कड, वस्त्राची घडी अशा मुळातच ठळक असलेल्या रेषांवर आणले जात. सर्व निगेटिव्हमध्ये प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याची उंची आणि आकृतींचे परस्परप्रमाण सारखे नसेल, तर कितीही सफाईने जोडलेले चित्र खोटे दिसते. नवशिक्यांची बहुतेक चित्रे सांध्यापेक्षा या ठिकाणी फसलेली आढळतात. सर्व भाग छापून झाल्यावरच प्रिंट टोन (रंगछटा देणे) आणि स्थिर (प्रकाशाने आणखी बदलू नये असे) करीत. त्यामुळे निरनिराळ्या निगेटिव्हमधून आलेल्या भागांची रंगछटा एक होई.

उगमाचा प्रश्न : पहिले संयुक्त मुद्रण कोणाचे, याबाबत एकमत नाही. ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह वापरावी ही सूचना सामान्यतः फ्रेंच छायाचित्रकार इपोलित बायार याच्या नावे, १८५२ च्या सुमारास, नोंदवली जाते. मात्र सूचना आणि प्रत्यक्ष प्रिंट यांत फरक केला पाहिजे. ग्लासगोच्या बर्विक आणि ॲनन यांनी १८५५ मध्ये तेथील प्रदर्शनात दोन निगेटिव्हवरून छापलेले, निसर्गदृश्यात स्त्रीची आकृती असलेले छायाचित्र मांडल्याचे सांगितले जाते. मानवाकृती दुसऱ्या दृश्यात छापल्याचा हा बहुधा सर्वांत जुना जाहीर दाखला होय. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे याची सागरदृश्ये १८५६-५७ ची आहेत. त्यांतील सर्वच दोन निगेटिव्हची आहेत असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. अलीकडे काही दृश्ये एकाच निगेटिव्हची मानली जातात आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते. उलट, तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलेले प्रिंटही सापडतात, तेव्हा जोडणीबद्दल शंका उरत नाही. ‘पहिला’ ठरवण्यापेक्षा एकाच अडचणीतून अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी हे तंत्र निघाले असे मानणे सयुक्तिक आहे.

रेलँडर आणि रॉबिन्सन : तंत्राला कलेचा दावा मिळाला तो ऑस्कर रेलँडर या मूळच्या स्वीडिश, पण इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे काम करणाऱ्या छायाचित्रकारामुळे. त्याचे ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र १८५७ मध्ये मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात मांडले गेले. रुंदी सुमारे ३१ इंच, उंची १६ इंच. एवढा मोठा कागद नसल्याने दोन कागद जोडलेले होते. निगेटिव्हची संख्या कोणी ३०, तर कोणी ३२ देतात. ‘तीस किंवा थोड्या अधिक’ असे म्हणणे सुरक्षित होय. काम सुमारे सहा आठवडे चालले. चित्रात मध्यभागी एक वृद्ध दोन तरुणांना आयुष्याच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. डावीकडे विषयोपभोग आहे, उजवीकडे धर्म आणि उद्योग. राणी व्हिक्टोरियाने १० गिनींना (गिनी हे जुने इंग्लिश चलन) प्रत विकत घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र नग्न आकृतींमुळे चित्र नाकारले गेले आणि पुढे डावी बाजू झाकून ते दाखवल्याचे सांगतात. रेलँडरने १८५८ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे निबंध वाचून आपली कृती उघड केली. त्याने काहीही लपवले नव्हते, ही बाब त्याच्या टीकाकारांकडून अनेकदा सुटते.

इंग्लिश छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनचे ‘फेडिंग अवे’ (१८५८) पाच निगेटिव्हचे आहे. क्षयाने मरणासन्न मुलगी आणि तिचे कुटुंबीय हा विषय लोकांना असह्य वाटला. चित्रकाराने रंगवला असता, तर तोच विषय चालला असता, छायाचित्रात तो खरा भासला. रॉबिन्सन आधी पेन्सिलीने रेखाटन करी आणि मग त्यातील भाग एकेक करून टिपी. त्याच्या १८६९ च्या ‘पिक्टोरिअल इफेक्ट इन फोटोग्राफी’ या ग्रंथामुळे हे तंत्र हौशी मंडळींपर्यंत पोहोचले.

मुंबई : इंग्लंड-फ्रान्सच्या इतिहासात सहसा न येणारे, पण यायलाच हवे असे काम मुंबईत झाले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळी शहरात छायाचित्रण करीत. सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसनबरोबर ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही मासिक चित्रमाला १८५६ ते १८५८ या काळात काढली. तिच्यात पश्चिम भारतातील लोकांचे पोशाख दाखवणारी चित्रे होती. पुढे जॉन्सनने दोन खंडांत (१८६३, १८६६) मुंबईतील जातिजमातींचा चित्रसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाडातील समाजांचा, तर दुसरा महाराष्ट्राचा आहे. नागर ब्राह्मण स्त्रिया, वल्लभाचार्य पंथाचे महाराज अशा समूहांच्या आकृती वेगळ्या टिपून मुंबई परिसराच्या दृश्यांवर बसवलेल्या आहेत. पायांखालची जमीन आणि मागचे दृश्य यांची प्रमाणे कित्येकदा जुळत नाहीत, कडाही दिसतात. येथे हेतू रेलँडरसारखा नीतिकथा सांगण्याचा नव्हता. माणसांना ‘त्यांच्या जागी’ उभे करून वर्गीकरणाला प्रत्यक्षदर्शी पुराव्याचे रूप देण्याचा होता. म्हणूनच ही चित्रे समाजाच्या अभ्यासासाठी वापरताना पार्श्वभूमीवरून निवासस्थान किंवा व्यवसाय ठरवणे धोक्याचे आहे.

विरोध आणि उत्तरकाल : छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सनने १८८९ च्या ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात रॉबिन्सनच्या जोडकामावर कठोर हल्ला केला. पण तंत्र मागे पडले ते केवळ वादामुळे नव्हे. १८७१ नंतरच्या कोरड्या जिलेटिन काचा आणि जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेलने १८७३ मध्ये शोधलेले रंगद्रव्याने इतर रंगांच्या प्रकाशाबाबतची संवेदनशीलता वाढवण्याचे तत्त्व यांमुळे आकाश आणि जमीन एकाच काचेवर उमटू लागली. मूळ गरजच उरली नाही.

विसाव्या शतकात ते स्वखुशीने निवडलेले तंत्र म्हणून परतले. चीनमधील लांग जिंगशान (१८९२–१९९५) याने १९३० च्या दशकापासून निरनिराळ्या निगेटिव्हमधील डोंगर, धुके आणि झाडे जोडून परंपरागत चिनी निसर्गचित्रांच्या धर्तीवर रचना केल्या. अमेरिकेत जेरी युल्समन (१९३४–२०२२) डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रे) ओळीने मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेई. त्याने सांधे लपवले, पण दृश्याची अशक्यता लपवली नाही. फोटोशॉपमध्ये लेअरची (एकावर एक ठेवायच्या प्रतिमा-थरांची) सोय १९९४ मध्ये आली आणि हे काम संगणकावर होऊ लागले.