देवलापारचा ग्नाइस आधीचा की नंतरचा? विदर्भातल्या खडक-अभ्यासाची पार्श्वभूमी

2023 मध्ये देशासाठी अतिमहत्त्वाच्या 30 खनिजांची यादी निघाली, त्याच वर्षी खाणकायद्यात दुरुस्ती होऊन शोधकामाचा वेगळा परवाना आला, आणि पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांचे नाव पुन्हा निघू लागले. यादीत टंगस्टन आहे. कुही-खोबणा पट्ट्यात ते आहे, हे इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवीन नाही. ज्या मँगनीजने रामटेक-तुमसरकडच्या कित्येक गावांना शतकभर मजुरी दिली, ते मात्र यादीत नाही.

आता अग्निज आणि रूपांतरित खडकांच्या अभ्यासाचे पुढे काय, असे विचारले की उत्तर येते उपग्रह, संगणक आणि रासायनिक विश्लेषण. हे सगळे हवेच. पण इथे खडकांच्या नकाशावरचा एक रंगच अजून भांडणात आहे, आणि ते भांडण यंत्र आणून आपोआप मिटणारे नाही.

तो रंग तिरोडी ग्नाइसचा. काळ्या अभ्रकाचे आणि पांढऱ्या फेल्डस्पारचे पट्टे असलेला हा खडक देवलापार-मनसर भागात सौसर गटाच्या, म्हणजे मुळात गाळाच्या पण पुढे रूपांतरित झालेल्या, संगमरवर, शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) आणि मँगनीजच्या थरांना लागून दिसतो. एका मतानुसार हा पाया आहे: आधी ग्नाइस, मग त्यावर सौसरचा गाळ. दुसरे मत असे की सौसरच्याच गाळात ग्रॅनाइटी रस मुरून त्याचा ग्नाइस झाला, म्हणजे तो नंतरचा. खाली काय आणि वर काय हे पाहून निकाल लावावा, तर तीही सोय नाही. 1936 मध्येच देवलापारजवळ थर उलटून, घसटत एकमेकांवर चढल्याचे मांडले गेले होते. जिथे थरच पालथे, तिथे ‘वरचा म्हणजे नवा’ हा नियम काय कामाचा?

पुढे झिरकॉनची, म्हणजे ज्यावरून खडकाचे वय काढता येते त्या खनिजाची, वये आली. ग्नाइससाठी सुमारे 160 कोटी वर्षे आणि सौसरच्या मुख्य रूपांतरणासाठी सुमारे 100 कोटी, असे आकडे निघाले, आणि पायावाल्यांनी विजय जाहीर केला. जरा घाईच झाली. झिरकॉनचा दाणा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा. त्याचा गाभा एका वयाचा आणि कड दुसऱ्या वयाची असू शकते. गाभा मूळ खडकाचे वय सांगतो की त्यात शिरलेल्या जुन्या दाण्याचे, हे तो नमुना नेमक्या कोणत्या पट्ट्यातून उचलला यावर ठरते. म्हणजे पुन्हा हातोडा, भिंग आणि उन्हातली पायपीट. पायाची बाजू आज जड आहे, हे खरे. पण ‘तिरोडी’ या एका नावाखाली दोन-तीन वेगवेगळे ग्नाइस कोंबले गेल्याची शंका मला अजून सोडत नाही. साकोली पट्ट्यात आमगाव ग्नाइसबद्दलही हाच वाद थोड्याफार फरकाने आहे.

या सगळ्याची सुरुवात अर्थातच खदानींपासून. 1900 च्या आसपास मनसरकडे मँगनीज निघू लागले, 1909 मध्ये त्यावर जाडजूड सरकारी ग्रंथ आला आणि गार्नेट-क्वार्ट्जच्या खडकाला गोंडांवरून गोंडाइट नाव मिळाले. पश्चिमेकडे बेसाल्टचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला. लोणारमुळे त्याला जगभरचे पाहुणे मिळाले, पूर्वेच्या ग्नाइसला मिळाले नाहीत.

पूर्वेकडच्या या अभ्यासाची त्यानंतरची पडझड हळू झाली. खडकाची चकती काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासायची, सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्ज करडे-पांढरे दिसले की थांबायचे. जरा जास्त घासले की नमुना पावडर. अशा चकतीत गार्नेटच्या पोटात वळलेली रेघ दिसली, तर दाणा वाढताना खडक पिळला जात होता हे कळते. ही कारागिरी शिकवायला वेळ लागतो, गुण कमी मिळतात, आणि नोकरी कोळशात आहे. चंद्रपूर-वणीकडे जाणाऱ्या मुलाला गार्नेटची रेघ वाचून करायचे काय?

आता टंगस्टनसाठी ड्रिलिंग होईल तेव्हा खोलवरच्या खडकाच्या सलग कांड्या वर येतील, आणि नशीब असेल तर त्यांत शिस्ट व ग्नाइस यांचा सांधाही सापडेल. लिलावाच्या हिशेबात त्या कांडीचा टंगस्टनचा टक्का तेवढा लागतो. सांधा नीट वर्णन करून ठेवण्याची अट शोध-परवान्यातच घातली पाहिजे. नाहीतर पेट्यांवरचे खडूचे आकडे दोन पावसाळ्यांत धुऊन जातात आणि कोणती कांडी किती खोलीची, हे सांगायला कोणी उरत नाही.