ऑफलोडिंग बंद करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे वारंवार येणारी एक तक्रार अशी: सर्व्हर हळू चालत होता, कुणीतरी सांगितलं म्हणून नेटवर्क कार्डाचं सगळं ऑफलोडिंग बंद केलं, आता तो आणखीच रेंगाळतोय. ‘सगळं बंद करून बघा’ हा सल्ला कधीकधी लागू पडतो, म्हणूनच तो इतका पसरलाय. पण आधी एक प्रश्न विचारा: पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, या मशीनवर संपतं, की इथून पुढे जातं?

साध्या इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे वायरवरून पॅकेट नेणाऱ्या खोक्यात, 1500 बाइट माल मावतो. 10 गिगाबिटची लाइन भरून वाहिली तर अशा सेकंदाला सुमारे 8 लाख फ्रेम होतात. प्रत्येकीचं हेडर (पत्ता वगैरे माहिती), चेकसम (डेटा वाटेत बिघडला का हे ओळखायची बेरीज), इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) हे सगळं प्रोसेसरनेच करायचं, तर तुमच्या डेटाबेसला उरणार काय? यातलं काही काम कार्डाकडे सोपवणं म्हणजे ऑफलोडिंग.

चेकसम ऑफलोड सहसा चालूच ठेवा. कार्ड किंवा ड्रायव्हर सदोष निघाला तरच बंद करायची वेळ येते. मात्र पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद) घेताना बाहेर जाणाऱ्या पॅकेटांपुढे ‘चेकसम चुकीचा’ असं दिसलं तर घाबरू नका. कॅप्चर होतं तेव्हा कार्डाने चेकसम अजून भरलेलाच नसतो! खरंखोटं पाहायचं तर पलीकडच्या मशीनवर कॅप्चर घ्या.

पाठवताना टीएसओ (टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड) कामाला येतं. विंडोजमध्ये त्यालाच एलएसओ (लार्ज सेंड ऑफलोड) म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टम 64 किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा एकदम देते आणि कार्ड त्याची साधारण 45 पॅकेटं पाडतं. कार्डात ही सोय नसेल तर लिनक्समध्ये जीएसओ (जेनेरिक सेगमेंटेशन ऑफलोड) आहे. तेही तुकडे पाडतं, पण सॉफ्टवेअरमध्ये, ड्रायव्हरच्या हाती देण्याच्या अगदी आधी. वरचा सगळा प्रवास 45 वेळा न होता एकदाच होतो, म्हणून हार्डवेअरशिवायही फायदा मिळतो.

गोंधळ होतो तो येणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत. एलआरओ (लार्ज रिसीव्ह ऑफलोड) आलेली पॅकेटं जोडून मोठं पॅकेट बनवतं, पण जोडताना हेडरमधले बारकावे पुसले जाऊ शकतात. मग मूळ पॅकेटं जशीच्या तशी परत मिळत नाहीत. पॅकेट त्याच सर्व्हरवर संपणार असेल तर बिघडत नाही. पण राउटर, ब्रिज किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या होस्टवर एलआरओ बंदच हवं. वेग अचानक पडणं, कनेक्शन अडखळणं हे त्याचे नेहमीचे प्रताप. त्याचाच लिनक्समधला भाऊ जीआरओ (जेनेरिक रिसीव्ह ऑफलोड) काटेकोर आहे. पुन्हा जशीच्या तशी सुटी करता येतील अशीच पॅकेटं ते जोडतं, म्हणून पुढे पाठवणाऱ्या मशीनवरही चालतं. घुसखोरी ओळखणारी यंत्रणा बसवली असेल तिथे मात्र दोन्ही बंद ठेवा. तिला पॅकेटं वायरवर होती तशीच बघायची असतात.

आरएसएस (रिसीव्ह साइड स्केलिंग) म्हणजे कामाची वाटणी: वेगवेगळी कनेक्शनं प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरकडे जातात. एकाच कनेक्शनवरून एक मोठी फाइल कॉपी करताना त्याचा उपयोग जाणवणार नाही.

कनेक्शन सांभाळणारा टीसीपी नियमसंच पूर्ण कार्डावर हलवणारं टीओई (टीसीपी ऑफलोड इंजिन)? लिनक्सच्या मुख्य कर्नलने ते कधी स्वीकारलं नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेही आपली तशी सोय मोडीत काढली. केवळ त्यासाठी महाग कार्ड घेऊ नका.

लिनक्सवर ईथटूल (ethtool) या कमांडला स्मॉल के (-k) दिला की सध्याची सेटिंग दिसते, कॅपिटल के (-K) दिला की बदलता येते. ज्यापुढे ‘फिक्स्ड’ लिहिलंय, ते बदलता येत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वेग मोजा, मग पुढची. सेटिंग बदलताना काही कार्डांची लिंक क्षणभर तुटते, तेव्हा दूरच्या मशीनवर कन्सोल (नेटवर्क तुटलं तरी मशीनपर्यंत पोहोचायची वाट) हाताशी नसेल तर हात लावू नका. ईथटूलने केलेला बदल रीबूटनंतर राहत नाही. टिकवायचा तर नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहावा लागतो.

तरीही अडलं तर आम्हाला कळवताना कार्डाचं मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि काहीही बदलण्याआधीची ईथटूलची यादी सोबत पाठवा. बदलल्यानंतरची यादी एकटी आली, तर पहिला फोन आम्हीच तुम्हाला करू.