दीपगृहाचा दिवा लुकलुकत नाही

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं दीपगृह म्हणजे पुठ्ठ्याचा मनोरा आणि वर उघडझाप करणारा एलईडी. सोलापूरच्या पोरांना समुद्रच लांब, त्यांना काय दोष द्यायचा! पण जुन्या मोठ्या दीपगृहातला दिवा रात्रभर एकसारखा जळतो. फिरतं ते त्याच्याभोवतीचं भिंग.

हे भिंग फ्रेंच अभियंता फ्रेनेलचं. १८२३ मध्ये ते फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात बसलं. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी नुसतं ओझं. फ्रेनेलने ती काढून टाकली आणि वक्र पृष्ठभाग तेवढे कड्याकड्यांनी ठेवले. पुढे वर-खाली निसटणारा प्रकाशही लोलकांतल्या पूर्ण आंतरिक परावर्तनाने (प्रकाश काचेच्या आतूनच सगळा परत फिरतो) क्षितिजाकडे वळवला गेला. पहिल्या, म्हणजे मोठ्या, श्रेणीच्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दिवा ठेवायच्या बिंदूपर्यंतचं (नाभीपर्यंतचं) अंतर, ९२ सेंटिमीटर.

भिंगाचे चार फलक आणि फेरी ४० सेकंदांची असेल, तर जहाजावरून दर १० सेकंदांनी एक झोत दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी आणि ती नकाशावर छापलेली. मुंबईच्या तोंडाशी समोर प्राँग्ज दीपगृह (१८७५) आहे की खांदेरी बेटावरचं (१८६७), हे घड्याळ लावून ठरवता येतं.

आता खरी गंमत. ज्योत ५ सेंटिमीटर रुंद असेल तर झोताची रुंदी ५ भागिले ९२ रेडियन (एक रेडियन सुमारे ५७ अंशांचा), म्हणजे सुमारे ३ अंश. भिंग सेकंदाला ९ अंश फिरतं, म्हणून झोत डोळ्यावर सेकंदाचा तिसरा हिस्सा टिकतो. तिथे १ सेंटिमीटरचा प्रखर बल्ब लावला की झोत ०.०७ सेकंदांचा होतो. डोळ्याला जाणवणारी तीव्रता ठरते t/(०.२ + t) या गुणकाने (t म्हणजे झोत टिकण्याचे सेकंद): आधी ०.६३, आता ०.२६. बल्ब प्रखर, पण त्याचा निम्म्याहून जास्त जोर वाया! नुसते वॅट वाढवून दीपगृह सुधारत नाही ते यामुळे.

काही टनांचं भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगतं, म्हणून बोटाने ढकललं तरी हलतं. पण पाऱ्याची वाफ विषारी. तिच्याने झोप उडते, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो. दीपगृहाच्या रखवालदारांना झपाटणाऱ्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या की आधी खोलीतली हवा तपासावी.

दिवा समुद्रापासून ४० मीटरवर आणि पाहणाऱ्याचे डोळे १० मीटरवर असले, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे तो साधारण ३६ किलोमीटरपर्यंत दिसतो; सोलापूर ते मोहोळच म्हणा. मात्र बल्ब नाभीच्या १ सेंटिमीटर वर बसला, तर मधल्या भिंगातला झोत खाली झुकून ३.७ किलोमीटरवरच पाण्यात शिरतो. हे टाळायला दिवसा भिंगातून पडणारी क्षितिजाची उलटी प्रतिमा पाहतात. ती बल्बच्या तारेच्या जागी पडली की जागा बरोबर. मग पडदे ओढायचे, नाहीतर हेच भिंग सूर्याचं ऊन गोळा करून दिव्याचे भाग भाजून काढतं.