अतिशयोक्ती : उताऱ्यात कशी ओळखावी

एखादी गोष्ट शक्यतेपलीकडे फुगवून सांगणे म्हणजे अतिशयोक्ती. मराठी व्याकरणात ती अर्थालंकारांत, म्हणजे शब्दांच्या नादाने नव्हे तर अर्थाने खुलणाऱ्या अलंकारांत मोडते. ही फुगवणूक वाचणाऱ्याला कळावी असाच लिहिणाऱ्याचा हेतू असतो. कळू नये म्हणून फुगवली, तर ती थाप.

उतारा वाचताना आधी मूळ वस्तुस्थिती काय ते ठरवावे. इथे गावाची माहिती कामी येते. 'सोलापुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला' ही साधी बातमी. 'डांबर चपलेला चिकटले' हेही घडते. 'सिद्धेश्वर तलावाला उकळी फुटली' म्हटले की अतिशयोक्ती झाली. मोठा आकडा दिसताच अतिशयोक्ती लिहून मोकळे होणे ही नेहमीची चूक. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत लाखोंची गर्दी होते, हे वर्णनच आहे. उलट 'या शहराने इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारून दिली' हे वाक्य फुगवलेले वाटेल, पण मे १९३० मध्ये तसे घडले आणि त्यापायी शहरावर मार्शल लॉ (लष्करी अंमल) लादला गेला.

शेजारच्या अलंकारांशी गल्लत होते ती साम्यामुळे. एकच गच्ची घेऊ. 'गच्ची तव्यासारखी तापली' ही उपमा, 'गच्ची जणू तवाच' ही उत्प्रेक्षा. 'गच्चीचा तवा' म्हटले की रूपक. 'ही गच्ची नव्हे, तवाच' इथे उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती गोष्ट (गच्ची), नाकारले, म्हणून अपन्हुती. 'तव्याने गच्चीकडून धग उसनी घ्यावी' यात उपमेय वरचढ ठरते, तो व्यतिरेक. 'गच्चीवर टाकलेले पापड वाळण्याआधीच भाजून निघाले' ही अतिशयोक्ती. संस्कृत साहित्यशास्त्रात मात्र या नावाची व्याप्ती वेगळी आहे: मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तिचा पहिला प्रकार म्हणजे उपमानाने (जिच्याशी तुलना करायची त्या गोष्टीने, इथे तव्याने) उपमेयाला गिळून टाकणे. गच्चीचे नावही न घेता 'तव्यावर पापड घातले' म्हणणे त्या प्रकारात बसेल. शालेय उत्तरात हा अर्थ आणू नये.

बोलतो कोण, हेही पाहावे. 'ही चादर पणतूच्या लग्नातही कोरीच दिसेल' हे विक्रेत्याच्या तोंडी आले तर धंद्याची बढाई. निवेदक मनापासून म्हणत असेल तर कौतुक. आधीच्याच परिच्छेदात पहिल्या धुण्यात तिचा रंग उतरला असेल, तर तेच वाक्य उपरोधाचे होते. म्हणून अलंकाराची ओळ सुटी काढून वाचू नये.

'पोटात कावळे ओरडणे' यांसारखे वाक्प्रचार वापरून इतके गुळगुळीत झालेले असतात की तिथे अलंकार शोधण्यात अर्थ नाही. लक्ष्यार्थ, म्हणजे शब्दशः नव्हे तर रूढ झालेला अर्थ, लिहिला की पुरे.

उत्तरात नुसते अलंकाराचे नाव अपुरे पडते. उताऱ्यातले नेमके शब्द, त्यांत काय अशक्य आहे आणि त्यामुळे उष्मा, तिखटपणा, भीती किंवा विनोद यांपैकी काय ठसते, हे दोन-तीन वाक्यांत यावे. 'शेंगाचटणीचा कण जिभेवर पडला आणि कानांतून धूर निघाला' यावर 'चटणी तिखट होती' एवढेच लिहिणारा कानांतला धूर वाचायचा विसरलेला असतो.