स्पॉटिंग स्कोप: जास्त वर्धन म्हणजे जास्त स्पष्टता नव्हे
स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिपाईवर बसवून दूरचे पक्षी पाहण्याची एकनळी दुर्बीण. तिचे वर्धन, म्हणजे प्रतिमा जितक्या पट मोठी दिसते ते प्रमाण, जितके जास्त तितका पक्षी स्पष्ट दिसतो, हा समज पक्षीनिरीक्षकांत फार काळ रूढ आहे. तो चुकीचा आहे. वस्तुभिंगाच्या, म्हणजे स्कोपच्या पुढच्या मोठ्या भिंगाच्या, व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. त्यामुळे ८० मिलिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाच्या स्कोपमध्ये २० पटीला ४ मिलिमीटरचा असलेला हा झोत ६० पटीला जेमतेम १.३ मिलिमीटरचा उरतो, आणि पहाटेच्या मंद उजेडात, म्हणजे पक्षी सर्वाधिक वावरतात नेमक्या त्या वेळी, प्रतिमा काळवंडते. दृष्टिक्षेत्रही, म्हणजे स्कोपमधून एका वेळी दिसणारा भागही, आक्रसते. शिवाय तिपाईची थरथर आणि तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरी यांचेही तितकेच वर्धन होते. दुपारी दूरच्या चिखलावरचा पक्षी ६० पटीत नुसता लहरताना दिसतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या भिंगाला दिला जातो. पक्षी २० ते ३० पटीत शोधावा, आणि हवा स्थिर असेल तरच वर्धन वाढवावे.