चुकलेल्या अंदाजाचे विज्ञान

गेल्या हिवाळ्यात एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. पर्जन्यजल संधारणाच्या अर्धा डझन प्रतिकृती, खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी आणि इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारे पुठ्ठ्याचे चार जेसीबी असा सगळा ओळखीचा ऐवज मांडलेला होता. त्यातल्या एका जेसीबीमागे उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलाने पास्कलचा नियम (बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो) एका दमात म्हणून दाखवला. त्याच्या यंत्राला दोन्ही टोकांना १० मिलीलिटरच्या सारख्याच सिरिंजा होत्या आणि मधल्या सलाइनच्या नळीत निळे पाणी भरलेले होते. खोक्यात ५ मिलीलिटरची एक जास्तीची सिरिंज दिसली, म्हणून मी विचारले, ‘‘हाताकडच्या बाजूला ही बारीक सिरिंज लावली, तर दाबायला हलके जाईल की जड?’’ तो गोंधळला, कारण हा प्रश्न पाठांतरात नव्हता. मग ठासून म्हणाला, ‘‘जड जाईल, बारीक आहे ना.’’

आम्ही सिरिंज बदलली. हलके गेले. तो माझ्याकडे न बघता सिरिंजकडेच बघत राहिला, पुन्हा पुन्हा दाबू लागला आणि थोड्या वेळाने त्याने दुसरी गोष्ट हेरली: ‘‘सर, जेसीबीचा हात पूर्ण वर येत नाहीये.’’ तसे होणारच होते. ५ मिलीलिटर पाणी १० मिलीलिटरच्या सिरिंजमध्ये गेले, तर तिचा दट्ट्या निम्माच सरकतो. जे बलात मिळाले, ते अंतरात गमावले. यावर त्याचा पुढचा प्रश्न होता, ‘‘मग बारीक पण लांब सिरिंज मिळते का?’’ नवनिर्मिती म्हणतात ती मला त्या दिवशी एवढ्याच वाक्यात दिसली.

परतताना फाटकाजवळ हातात एक पत्रक पडले. त्यात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गाची जाहिरात होती: मध्यमेंदू जागृत करा, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मुले खाली डोकावतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. फट नीट बुजवली की ‘जागृत’ मेंदूला काही दिसत नाही. गंमत अशी की मध्यमेंदूचा शिकण्याशी खरोखरच संबंध आहे आणि तो त्या पत्रकातल्या चमत्कारापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे.

मध्यमेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचे समूह असतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमधील या पेशींचे विद्युत संकेत मोजले. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की पेशी जोराने संकेत देत. दिवा लागल्यानंतर दरवेळी रस मिळतो हे माकड शिकले, की तो जोर दिव्यापाशी सरके आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी त्यांच्या नेहमीच्या संथ गतीनेच चालत. दिवा लागूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी संकेत नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा जो अर्थ मांडला, तो असा की या पेशी निव्वळ आनंद नोंदवत नाहीत; अपेक्षा आणि वास्तव यांच्यातला फरक नोंदवतात.

या फरकाचे गणित मानसशास्त्रात आधीच तयार होते. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रत्येक अनुभवात अपेक्षेत होणारा बदल हा ‘प्रत्यक्ष वजा अपेक्षित’ या फरकाच्या प्रमाणात असतो. प्रत्यक्ष १००, सुरुवातीची अपेक्षा ० आणि शिकण्याचा दर ०.३ धरला, तर पहिल्या अनुभवात अपेक्षा ३० होते. उरलेल्या ७० चे ०.३ पट म्हणजे २१, म्हणून दुसऱ्यांदा ५१, तिसऱ्यांदा ६५.७. फरक आटत जातो तसे शिकणेही आटत जाते, आणि फरक शून्य झाला की कितीही वेळा दाखवले तरी भर पडत नाही. लिओन कामिन यांच्या उंदरांवरील प्रयोगांत हेच दिसले होते. आवाजानंतर विजेचा धक्का बसतो हे पक्के शिकलेल्या उंदरांना पुढे आवाज आणि दिवा एकत्र देऊन धक्का दिला, तरी ते दिव्याबद्दल जवळजवळ काहीच शिकले नाहीत. दिवा डोळ्यांसमोर होता, पण धक्का आधीच अपेक्षित असल्याने त्यात नवे काही उरले नव्हते. उत्तर आधी सांगून मग ‘पडताळा पाहा’ म्हणून करून घेतलेल्या प्रयोगांच्या वह्या तपासताना मला हा दिवा हटकून आठवतो.

अर्थात, माकडाच्या रसावरून थेट वर्गात उडी मारणे हासुद्धा एक प्रकारचा अतिउत्साहच होय, आणि ‘डोपामिन वाढवणारे शिक्षण’ विकणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. परंतु माणसांवरचा स्वतंत्र पुरावाही आहे. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना २००१ मध्ये असे आढळले की, ज्या चुकीच्या उत्तराबद्दल विद्यार्थ्याला जास्त खात्री होती, ती चूक बरोबर उत्तर कळल्यावर अधिक सहज सुधारते. ‘बारीक आहे ना’ असे ठासून सांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे.

याचा अर्थ मुलांना साहित्य देऊन मोकळे सोडावे असा मात्र नाही. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, नवशिक्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून विचार करण्याची क्षमता, तोकडी असते आणि मार्गदर्शनाविना तो धडपडण्यातच ती खर्चून बसतो. दोन सिरिंजांच्या जागी मी पाच ठेवल्या असत्या, तर त्या मुलाचा अंदाज नेमका कशामुळे चुकला हे त्याला कळलेच नसते. स्वयंअध्ययनात शिक्षकाचे काम कमी होत नाही. कोणता अंदाज, कोणत्या क्षणी चुकू द्यायचा, हे ठरवण्याचे अधिक अवघड काम त्याच्याकडे येते.

हे काम सरकारी शाळांतही होऊ शकते, याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. मुले टोळ्या करून प्रयोग करत, निष्कर्षांवर वाद घालत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही त्यात सामील होते. कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोहोचला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

आमच्या प्रदर्शनातल्या गुणपत्रकावर मांडणी, सादरीकरण, उपयुक्तता आणि खर्च असे चार रकाने होते. लांब सिरिंजेच्या प्रश्नाला गुण कुठे द्यावेत, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. अखेर ते मी ‘सादरीकरणा’त घातले आणि तरीही त्या मुलाचा नंबर आला नाही.